पालथे शिंपले

४ जानेवारी

धाकटेराव,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता आमच्या शिपायाकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

आई गेली तेव्हा तू आलास आणि बॅगसुद्धा न उघडता परत गेलास. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे अधूनमधून एक फोन. 'बरी आहेस?' 'बरी आहे. तू?' 'बरा आहे.' दवाखान्याच्या बाकावर दोन अनोळखी माणसं याहून जास्त बोलतात. आज मी फोन करत नाहीये, कारण फोनवर तू मध्येच 'ठेवतो' म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

तुझं बरोबर होतं. दगड उलटा आहे.

ही ओळ लिहून मी उठले, पाणी प्याले आणि पुन्हा येऊन बसले. कुठला दगड ते तुला सांगायला नकोच. संग्रहालयाच्या लांब दालनात बाबांनी सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेला तो. दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, माझ्या कमरेच्या वर येणारा, वरच्या बाजूला शिंपल्यांचा खच आणि खाली पिवळी वाळू. त्याच्यापुढे उभं राहून बाबांनी शाळेच्या पोरांच्या किती पिढ्या शिकवल्या असतील. 'मुलांनो, हा शांत समुद्राचा तळ. हे जीव वाळूत घर करून राहायचे. मेले की त्यांचे शिंपले वर साठत जायचे, हजारो वर्षं. बघा, सगळे शिंपले वाट्यांसारखे उताणे पडलेत. शांत पाण्यात वाटी सोडली की ती अशीच तळाला बसते.' मला हे पाठ आहे. झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आणि दालनाच्या उद्घाटनाला तू, कॉलेजात शिकणारा, नुकती मिसरूड फुटलेला, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, 'बाबा, हा दगड उलटा बसवलाय.' बाबा म्हणाले, 'दगड सरळ आहे, तुझं डोकं उलटं आहे.' लोक हसले. आठवड्याच्या आत तू घर सोडलंस. तुम्ही दोघं असे की एकाला माघार म्हणजे काय ते माहीत नाही आणि दुसऱ्याने तो शब्दच कधी ऐकलेला नाही. मध्ये आई आणि मी.

खरं तर बाबांनी चूक एकच केली. हा दगड त्यांनी स्वतः जमिनीतून काढलेला नव्हता. खाणवाल्याच्या आवारात तो तासून ठेवलेला सापडला, आणि तोवर खाणीत पाणी भरलं होतं, म्हणजे तो मुळात कसा पडला होता ते जाऊन बघायचीही सोय नव्हती. आमच्या कामात दगड हलवण्याआधी त्याच्यावर खडूने बाण काढायचा असतो, वरची बाजू कुठली ते सांगणारा. तो बाण कुणी काढलेला नव्हता. बाबांनी उताणे शिंपले बघितले, 'शांत पाणी' म्हणाले आणि आवारात उभ्या उभ्या बाण स्वतः काढला. पुढचं सगळं त्या बाणावरून अगदी बरोबर जुळवत गेले. एवढी नेटकी चूक मी दुसरी पाहिलेली नाही.

मला कळलं ते असं. बाबांच्या खुर्चीत आता मी बसते, आणि दालनाला नवे दिवे लावायचं काम चाललंय. कडेने तिरपा उजेड पडला की वाळूतल्या रेषा उठून दिसतात, म्हणून मी फोनवर फोटो काढले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतले. त्यातला एक उलटा उघडला. तो फिरवायला मी बोट उचललं आणि तिथेच थांबले.

सगळे शिंपले पालथे झाले होते. धुवून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे, एकाला एक लागून. वाहत्या पाण्यात शिंपला तसाच टिकतो, उताणा असेल तर पाणी त्याला उलथवून टाकतं. सगळ्यात जड शिंपले तळाला, त्यांच्यावर चुरा, चुऱ्यावर वाळू, आणि वाळू वर वर जाताना आणखी बारीक होत गेलेली. हजारो वर्षं नाहीत रे. एक वादळ. एक दिवस, फार तर दोन.

सोळा कोटी वर्षांपूर्वीची एक दुपार माझ्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभी होती आणि मी तिच्यावरची धूळ पुसत होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते चौऱ्याऐंशीचे झालेत आणि त्यांचे डोळे जातायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्म्याने आता काही होणार नाही, वर्षभरात उरलंसुरलंही जाईल. मला एवढंच हवंय की त्यांना थोडं दिसतंय तोवर तू येऊन जावंस. दगडासाठी ये, भांडायला ये, कशालाही ये. एकदा एकमेकांचे चेहरे बघा. बाकी मी काही मागत नाही.

ताई

१९ जानेवारी

धाकटेराव,

उत्तर पाठवलंस, उपकार झाले. एवढ्याशा कागदावर चार प्रश्न आणि खाली सही. बहिणीला लिहीत होतास की बंदरावरच्या तुझ्या साहेबाला? तरी ते वाचून मला किती आनंद झाला ते सांगत नाही, डोक्यावर बसशील.

तर उत्तरं. शिंपले जवळपास सगळे पालथे, दहात एखादा उताणा, तोही दुसऱ्याच्या कुशीत अडकलेला. शिंपल्यांच्या थराचा तळ सपाट नाही. त्याला खालचा करडा चिखल थोडा चिकटून आलाय, आणि त्यात बोटांनी खरवडल्यासारख्या खोबण्या आहेत. वाळूतल्या रेषा कापल्या गेल्यात का, तर हो, तू तेव्हा म्हणाला होतास तशाच. नवी रेष जुनीला वरून कापत जाते. आणि वाळूतून जाणाऱ्या उभ्या नळ्यांचं शेवटी सांगते, कारण त्यांनीच माझी झोप उडवलीये.

गेला आठवडाभर मी दगडापुढे मान उलटी करून बसतेय. शिपाई मला घाबरायला लागलाय. पण मला ती दुपार आता क्रमाने दिसते. (दुपारच कशावरून, ते विचारू नकोस. मला ती दुपारच वाटते.) आधी नुसता मऊ चिखल, आणि त्यात तोंड किलकिलं करून बसलेले शिंपले. वर कुठेतरी वारा सुटला असेल. तळाला वारा कळत नाही, फक्त पाणी मागेपुढे व्हायला लागतं. मग चिखल उठतो. मग तळच ओरबाडला जातो, त्यात गाडले गेलेले जुने मेलेले शिंपले उखडून निघतात, आणि पाणी त्यांना लोळवत राहतं, ते पालथे होऊन बूड टेकेपर्यंत. त्यांच्यावर वाळू येते. ती इतकी असते की पाणी कुठलं आणि वाळू कुठली हे कुणाला सांगता येऊ नये. ती बसत असतानाच लाटा तिचे फुगवटे करतात आणि पुढची लाट तेच फुगवटे कापून टाकते. शेवटी सगळं दमतं, आणि उरलेला बारीक चिखल कित्येक दिवस खाली येत राहतो.

पुढे वर्षानुवर्षं काहीच होत नाही. बाबा म्हणायचे ती हजारो वर्षं खरीच आहेत, पण ती शिंपल्यांच्या जाड थरात नाहीत, त्या थरांच्या मधल्या बोटभर चिखलात आहेत. हातभर थर एका दिवसाचा आणि बोटभर थर युगाचा. हे कळल्यापासून मी जिन्याच्या पायऱ्यांकडेसुद्धा संशयाने बघते.

आता नळ्या. बाबांच्या हिशेबात त्या जीवांची घरं होती. वरून खाली खणलेली, आणि खालच्या टोकाला घरमालक बसलेला. तू दगड मनात सुलटा कर. शिंपला खालच्या टोकाला नाही, वरच्या टोकाला येतो. नळीच्या दोन्ही कडांच्या वाळूच्या रेषा खाली वाकल्यात, एकीखाली एक, कारण तो वर सरकत गेला आणि त्याच्या मागची वाळू ढासळत गेली. ती घरं नाहीत रे. वादळाने एका दिवसात त्यांच्या डोक्यावर हातभर वाळू ओतली आणि ते जिवाच्या आकांताने वर चढत होते. बरेच अर्ध्यातच थांबलेत, घट्ट मिटलेले. मी दालनात एकटीच होते, मी रडले. शिंपल्यांसाठी रडणारी संग्रहालयातली पहिलीच बाई असेन.

बाबांना सांगितलं. संध्याकाळी, चहा पुढ्यात ठेवून. 'बाबा, दालनातला दगड उलटा बसलाय,' मी म्हणाले. चहा निवून गेला. मला वाटलं, आता भडका उडणार.

'मग नळ्या?' त्यांनी विचारलं.

'वर जातायत.'

'म्हणजे मी पोरांना सांगत राहिलो की ते घरी बसलेत.'

'हो, बाबा.'

'आणि ते जीव घेऊन पळत होते.' त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले, जसं काही तिथे दगडच आहे. मग म्हणाले, 'कुणी बाहेर पडलं का?'

दगडाची खरी वरची बाजू तर चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये गाडलेली आहे. दगड उचलल्याशिवाय ते कुणालाच कळणार नाही. तेव्हापासून बाबांचा एकच ध्यास आहे. सकाळी उठले की पहिला प्रश्न, 'बाई काय म्हणाल्या? उचलणार का?' बाई म्हणजे आमच्या संचालकबाई.

तुझं नाव अजून निघालेलं नाही. निघेल. तू यायचं बघ.

ताई

६ फेब्रुवारी

धाकटेराव,

या वेळी तू चक्क पानभर लिहिलंस. मी पत्र उलटून बघितलं, मागे कुणा दुसऱ्याची सही तर नाही ना म्हणून.

बंदराच्या तोंडाशी गेल्या महिन्यात वादळ होऊन गेलं आणि तुम्ही गाळ किती साठलाय ते बघायला तळात नळी ठोकलीत, ते सगळं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. नळी उभी चिरलीत तेव्हा खाली शिंपल्यांचा चुरा, वर वाळू, अगदी आपल्या दगडासारखी. आणि वाळूच्या मधोमध एक जिवंत शिंपला, पाय बाहेर काढलेला, अजून वर चढणारा. पुढे तुझी एकच ओळ आहे, 'त्याला बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडला.'

बाबा म्हणाले, 'पुन्हा वाच.' मी पुन्हा वाचलं. सोळा कोटी वर्षं झाली, समुद्र हलले, डोंगर उठले, मोठमोठे प्राणी आले आणि नाहीसे झाले, आणि हा एवढासा जीव अजून तेच करतोय. डोक्यावर वाळू पडली की वर चढायला लागतो. त्याला कुणी शिकवलं असेल? आणि मग बाबांनी काय विचारावं? 'खोल पाण्यात सोडला की उथळ?' हा प्रश्न मी तुला पोचवलाय. उत्तर मला देऊ नकोस, त्यांना दे.

संचालकबाईंचं म्हणणं असं की दालन उघडायला महिना राहिलाय, आणि उचलताना दगड दुभंगला तर जबाबदार कोण. बाई वाईट नाहीत, पण जोखीम म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचं अगदीच चूक नाही. वाळू आणि शिंपले जिथे मिळतात तिथे एक बारीक भेग आहे, दगड तिथून सुटू शकतो. बाबांनी काय करावं? रोज सकाळी दालनात स्टूल घेऊन दगडापाशी बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, 'हा दगड उलटा आहे बरं का. मीच बसवलाय.' रंगारी, दिवे लावणारे, खिडक्या पुसणारी बाई, कुणाला सोडलं नाही. शेवटी संचालकबाई स्वतः खाली आल्या. बाबा त्यांना म्हणाले, 'बाई, तुम्ही चुकीचा दगड दाखवताय आणि पाटीवर नाव माझं आहे. ते मला सहन होत नाही.' बाईंनी हात टेकले. स्वतःला खोटं ठरवायला इतकी खटपट करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

चोवीस तारखेला सकाळी दगड उचलायचं ठरलंय.

आणि काल जेवताना बाबा म्हणाले, 'त्याला विचार, साखळी दगडाला कुठून घ्यायची. बंदरावर जड वस्तू उचलतात, त्याला ठाऊक असेल.' संग्रहालयाने यासाठी क्रेनवाला ठरवलाय, आणि त्याचं उभं आयुष्य दगड उचलण्यात गेलंय. बाबांना ते माहीत आहे. ठरवताना ते तिथेच बसले होते. मी काय म्हणतेय ते समजलं ना तुला? तीस वर्षांत त्यांनी तुझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलंय.

ताई

१६ फेब्रुवारी

धाकटेराव,

साखळीचं चित्र पोचलं. सुरेख काढलंयस. बाण, मापं, सगळं. क्रेनवाल्याने ते बघितलं आणि 'एवढं आम्हाला येतं, ताई' म्हणून परत दिलं.

मी चित्र मागितलं होतं का? तू लहानपणी 'इकडे ये' म्हटलं की तिकडूनच 'काय?' ओरडायचास. अजून तसाच आहेस.

खालच्या पानावर बाबांसाठी लिहिलंस, 'उथळ पाण्यात सोडला, तळ दिसत होता.' ते मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'चांगलं केलं.' बस, इतकंच. पण त्या दिवशी ते नीट जेवले.

चोवीसला मी सकाळपासून संग्रहालयाच्या दारात असेन. तुझी खोली झाडून ठेवलीये. काही आणू नकोस. तू ये.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकटेराव,

तू आलास, आणि त्याच संध्याकाळच्या बसने निघूनही गेलास. मी इतकी चिडलेय की पेन कागदात रुततंय. तू तिथे होतास तरी सगळं पुन्हा सांगणार आहे, कारण तू अर्धंच पाहिलंस.

क्रेनवाल्याने साखळी ताणली तेव्हा तू दगडाच्या त्या टोकाला होतास आणि बाबा या टोकाला, मध्ये मी. चौथऱ्यातून आधी नुसता करकर आवाज आला. संचालकबाई डोळे मिटून उभ्या होत्या. आणि मग दगड सुटला, अखंड. सगळ्यात वरचा चिखलाचा पापुद्रा सिमेंटला चिकटून मागे राहिला आणि खालची वाळू मोकळी होऊन बाहेर आली. सिमेंट त्या वाळूला शिवलंही नव्हतं. वादळ शमल्यावर त्या पापुद्र्याने तिला झाकलं, आणि नंतर तिच्यावर उजेड पडला तो परवा, आपल्या दालनात, आपल्या डोळ्यांदेखत.

दगड आडवा केला, मग हळूहळू सुलटा केला. तू गुडघ्यांवर बसलास आणि तुझ्या तोंडून नुसतं 'अरे' निघालं. वाळूवर लाटांच्या सुरकुत्या होत्या, समुद्र आत्ताच मागे सरकावा अशा. शेवटची लाट कुठून कुठे गेली ते सांगता येत होतं. आणि त्या सुरकुत्यांमध्ये भोकं होती. फार नाहीत. कितीतरी नळ्या दगडाच्या आतच संपल्या होत्या, त्यांची वर काही खूण नव्हती. पण काही वरपर्यंत आल्या होत्या, आणि त्यातल्या एका भोकापासून एक चर निघाला होता. बोटाएवढा रुंद, थोडा वाकडातिकडा, सुरकुत्या ओलांडत दगडाच्या कडेपर्यंत गेलेला.

क्रेनवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तू उठलास, बाबांचा हात धरलास, त्यांचं बोट त्या भोकात ठेवलंस आणि त्या चरावरून नेत गेलास. कड आली तेव्हा तू म्हणालास, 'इथे दगड संपतो.'

'म्हणजे गेला,' बाबा म्हणाले.

एवढ्या वाळूतून वर आला, थोडा थांबला असेल, आणि चालायला लागला. त्याचं पुढे काय झालं ते कधीच कुणाला कळणार नाही. पण तो गेला हे आपल्याला कळलं, आपल्या तिघांना एकदम कळलं. मी आजवर जे काही बघितलंय त्यात याच्या तोडीचं काही नाही, आणि मी ते तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून बघितलं. त्या क्षणी मला वाटलं की आता सगळं झालं, आता घरी जाऊन तिघं जेवायला बसू.

मग बाबा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, 'तुझं बरोबर होतं. तेव्हाही.' आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी त्या वेळी त्या चरावरच वाकले होते, मी काही पाहिलं नाही. मला एकदम तुझं 'येतो' ऐकू आलं. बस स्टँडवर तू मला म्हणालास, 'तोंडावर बोलवलं नाही त्यांना. खिडकीशी बोलले.' मी तुझ्याशी वाद घालत राहिले, ते म्हातारे आहेत, त्यांना जड गेलं असेल, असलं काहीतरी. बस गेली. घरी आले, बाबांच्या पुढ्यात चहा ठेवला, ते माझ्याशी बोलायला म्हणून भिंतीकडे वळले, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्यांच्या डोळ्यांचं मी तुला नीट लिहिलंच नव्हतं. रोज बघून आम्हाला त्याची सवय झालीये. त्यांचं मधलं दिसणं गेलंय. समोर बघितलं की मधोमध एक करडा डाग असतो, त्यात माणसाचा चेहरा, घड्याळ, अक्षर, सगळं बुडून जातं. दिसतं ते फक्त कडेचं. म्हणून ज्याला बघायचं असेल त्याच्यापासून ते तोंड फिरवतात. माझ्याशी ते भिंतीकडे बघून बोलतात. संचालकबाईंशी बोलताना छताकडे. डॉक्टरीणबाईंनीच त्यांना ते शिकवलंय.

ते खिडकीकडे बघत नव्हते. ते तुला बघत होते. ते वाक्य बोलल्यावर तुझा चेहरा कसा होतो, तेवढं त्यांना बघायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी तोंड फिरवलं. कुणी न शिकवता तू तो दगड एका नजरेत सुलटा वाचलास, आणि समोर उभा असलेला बाप उलटा वाचलास. आता मी कुणाला काय म्हणू?

मी बाबांना तुझं बोलणं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय तुला कामावर जायचं होतं म्हणून तू घाईत गेलास. चहा पिताना भिंतीकडे बघत म्हणाले, 'कानापाशी केस पिकलेत त्याचे.'

'हो.'

'खांद्याला बॅग होती. थोडा वाळलाय का?'

'थोडा.'

मग कप तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, 'मी ते म्हणालो तेव्हा तो हसला का? बघत होतो, पण तेवढ्यात तो हलला.'

आयुष्यात मी बाबांशी खोटं बोलले नव्हते, निदान मोठं असं काही नाही. मी म्हणाले, 'हसला.'

'मला वाटलंच,' बाबा म्हणाले, आणि त्यांनी चहा संपवला.

तू ये आणि ते खरं कर. लवकर ये, कारण कडेचंही आता पुसट होत चाललंय. आणि आलास की त्यांच्या समोर उभा राहू नकोस. उजव्या हाताला बस आणि हलू नकोस. तिकडून त्यांना अजून दिसतं.

ताई